पाटोद्याची भगर आणि अर्धी सोडलेली प्रार्थना

पाटोद्याला जायचं मी ठरवलं ते रागाच्या भरात. माझी जुनी विद्यार्थिनी फिलोमिना हिचं पत्र आलं. तिचा नवरा तिथे निजाम सरकारच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. गावात दुसरं कॅथलिक घर नाही, आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात नगरहून फादर मिस्सा, म्हणजे आमची प्रसादाची उपासना, करायला येणार ते तब्बल दीड वर्षानं. शेवटी लिहिलं होतं, "बाई, कम्युनियनच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रार्थना मी साफ विसरले. शेजारी बसून कोणी सांगेल तर बरं."

विसरली म्हणे. चार वर्षं बाकावर बसवून मी त्या घोटून घेतल्या होत्या. कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी विश्वासाची, आशेची, प्रीतीची, पश्चात्तापाची. घेतल्यावर आराधनेची, आभाराची, अर्पणाची, मागणीची. स्वल्पविराम आला की एक श्वास थांबायचं, हेसुद्धा शिकवलं होतं. मी स्वतः कॉन्व्हेंटात मदरांच्या हाताखाली शिकले तेव्हापासून एकदाही प्रार्थना अर्धी टाकून उठले नव्हते, आणि उठणाऱ्या मुलींना पट्टीचा प्रसाद वेगळा दिलेला आहे. मी ट्रंक भरली.

पुण्याहून दौंडमार्गे नगरपर्यंत आगगाडी. तिथून पुढे दमणी, म्हणजे छत असलेली बैलगाडी. जामखेडपर्यंत दोन दिवस लागतात आणि रस्त्याला रस्ता म्हणणं हा गाडीवानाचा मोठेपणा. जाणार असाल तर गादी घरून न्या. वाटेत पिठलं-भाकरी सगळीकडे मिळते, तिखट इतकं की पाणी आधी मागून ठेवावं. इंग्रजी रुपये जामखेडलाच मोडून निजामाचे हाली रुपये घ्या; पुढे भाव दुकानदाराच्या मर्जीवर असतो.

निजामाची हद्द लागते तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे. तिथल्या मुन्शीनं माझी ट्रंक उपसली आणि प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून बसला. पानांच्या कडा सोनेरी आहेत.

"बाईजी, ये सोना है क्या?"

"सोनं असतं तर मी बैलगाडीनं आले असते का?"

त्याला ते पटलं, तरी नखानं खरवडून पाहिलंच. पश्चात्तापाच्या पानावर त्याच्या पान खाल्लेल्या बोटाचा लाल ठसा उमटला आहे. त्या पानाची खरी गरज त्यालाच होती.

पाटोद्याला पोचले ती संध्याकाळ. डॉक्टरांकडे एकच जादा खोली, ती फादरांसाठी राखलेली. म्हणून माझी सोय शेजारच्या सोनाबाईंकडे केली होती. सोनाबाई विधवा, वीसेक एकर जमीन आणि आवाज त्या मानाचा. जेवायला पत्रावळ मांडली. घरातलं ताट मला द्यायचं नव्हतं, हे मला कळलं. नंतर ही बाई पहाटे उठून माझ्यासाठी चूल पेटवील म्हणून मी सांगून ठेवलं, "उद्या सकाळी काही करू नका. माझा उपास आहे."

चूक माझी. त्या मुलखात उपास सांगणं म्हणजे फराळाची फर्माईश करणं.

आमचा नियम असा की मध्यरात्रीपासून कम्युनियन घेईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात जाता कामा नये. गेला, तर त्या दिवशी प्रसाद नाही. माझा प्रसाद चुकला तर फिलोमिनाच्या शेजारी बसायला मी चार दिवस हाडं खिळखिळी करून आले कशाला?

मिस्सा सात वाजता होती. फादर आदल्या रात्री यायचे ते आलेच नाहीत. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली होती. सकाळी मी सोनाबाईंच्या ओसरीवर पुस्तक उघडून बसले. विश्वासाची प्रार्थना संपते न संपते तोच पुढे भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

"घ्या. उपासाचंच हाय."

"सोनाबाई, मला काही खायचं नाही."

"कावून? मीठबी शेंदेलोण घातलंय."

समजावून सांगितलं. त्या गेल्या. आशेच्या प्रार्थनेला गुळातली रताळी आली. पुन्हा समजावलं, या वेळी पाण्याचंही सांगितलं. प्रीतीच्या प्रार्थनेच्या मधोमध तांब्या आला.

"हे काय?"

"ताक. पानी न्हाई म्हनलात, ताकाचं कुठं बोललात?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. प्रीतीची प्रार्थना मात्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली, आणि पश्चात्तापाची दोनदा.

"आमीबी एकादशी करतो," सोनाबाई जाताना म्हणाल्या. "पर आमचा देव मानसाला असं वाळवत न्हाई."

फादर आले साडेदहाला. दवाखान्याच्या ओसरीवर टेबल मांडून मिस्सा झाली. जीभ टाळ्याला चिकटली होती, पण प्रसाद मिळाला, फिलोमिनालाही. दोघी गुडघ्यांवर बसलो. मी हळू आवाजात सांगत होते, ती मागून म्हणत होती. आराधना झाली. आभाराची निम्मी झाली आणि तिनं मला कोपरानं ढोसलं.

"बाई, सोनाबाई फाटकाशी उभ्या आहेत. उन्हात."

"प्रार्थनेत बोलू नये."

"सकाळपासून त्यांनीही पाणी घेतलेलं नाही. ह्यांनी दिलं, तर म्हणाल्या, पाव्हणी उपाशी अन् मी कशी पिऊ."

मी पुढची ओळ वाचली. तीच पुन्हा वाचली. ओळ आभाराची होती आणि फाटकाशी सत्तरीची बाई पदराखाली भांडं झाकून उभी होती. मी पुस्तक मिटलं आणि उठले. फादरांनी भुवया वर केल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"झालं का देवाचं?" सोनाबाईंनी विचारलं.

"नाही. निम्मं राहिलंय."

"मंग कावून उठलात?"

"तुम्ही पाणी प्या आधी."

"तुमी प्या. पाव्हण्या तुमी."

"तुम्ही वयानं मोठ्या."

"मोठी म्हनता तर ऐका की मग."

असं किती वेळ चाललं देव जाणे. अखेर डॉक्टरांनी दोन तांबे आणले आणि आम्ही दोघींनी एकमेकींवर नजर ठेवून एकदमच तोंडाला लावले. मग फाटकाजवळच्या दगडावर बसून मी गार झालेली भगर खाल्ली.

खाताना ओसरीवरून आवाज येत होता. फिलोमिना एकटी गुडघ्यांवर होती. आभाराची उरलेली, अर्पणाची, मागणीची, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ म्हणत होती. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. एक शब्द चुकला नाही. प्रत्येक स्वल्पविरामाला श्वासभर थांबत होती.

"दोन वर्सं एकलीच म्हनती बिचारी," सोनाबाई म्हणाल्या. "भिंतीपल्याड रोज ऐकू येतं. मलाबी निम्मं पाठ झालंय."

प्रार्थना संपवून फिलोमिना आमच्याजवळ आली. तिनं माझ्याकडे न बघता मला पत्रावळीवर आणखी भगर वाढली.

पुण्याला परत येऊन आता तीन आठवडे झाले. पाठ अजून दुखते. इथे चर्च दोन गल्ल्यांवर, फादर रोजचे, मिस्सा वेळेवर. प्रसादानंतर मी चारही प्रार्थना पुऱ्या म्हणते, कोणी कोपरानं ढोसत नाही. मी उपाशीपोटी आले आहे हे देवाला ठाऊक असतं. दुसऱ्या कोणालाही नसतं.

काल फिलोमिनाला पत्र टाकलं. लिहिलं, की आपल्या बाईंना खोटं लिहून बोलावणं हे पाप आहे, ते फादरांना पुढच्या खेपेला सांगावं. आणि सोनाबाईंना कळवावं, की भगरीत मीठ थोडं कमी घालत जा, मला जास्त चालत नाही.