मोगरीवर शिजलेलं कालवण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडले तरी तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी बोलत आले. तुम्हाला का सांगते? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल. आणि आमचं ते गाव तरी आता कुठं आहे? उजनीच्या पाण्याखाली गेलं.

धरणाची भिंत उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. गाव उठणार हे ठरलेलं होतं. पाणी यायच्या आत आपापली झाडं पाडून लाकूड हलवायचा सपाटा लावला होता ज्यानं त्यानं. आमचे हे झाडं पाडायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. पण ते एकट्याचं काम नव्हे — मोठ्या झाडाच्या करवतीला दोन मुठी असतात. एका मुठीला नाना, दुसऱ्या मुठीला महादूभावजी. लहानपणापासूनची जोडी. एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसतो, असं गाव म्हणायचं.

आणि तिसरी — मोगरी. लाकडाचा मोठा हातोडा म्हणा. झाड निम्म्याच्या वर कापत आलं की त्या फटीत पाचरी ठोकायच्या, म्हणजे झाड मागं बसून करवत धरत नाही आणि आपल्याला पाहिजे त्या अंगाला कलतं. नानांच्या पाचरी बाभळीच्या. लोखंडाची पाचर करवतीला लागली की दात गेलेच. आणि लाकडी पाचरीवर लोखंडी घण घालायचा नाही — तिचं डोकं फुटतं, ती चिरते, नाहीतर उडते. तिला मोगरीच पाहिजे.

ही मोगरी बाभळीच्या गाठीची, लोखंडी कडं बसवलेली. दर बाजारच्या दिवशी नाना तिला करडईचं तेल चोळायचे. पोरीच्या डोक्याला तेल मागितलं तर बाटली रिकामी — मोगरीसाठी मात्र कुठून तरी निघायचंच. छपराच्या कोरड्या कोपऱ्यात मोगरी निजायची. गळक्या कोपऱ्यात मी.

त्या बाजारच्या दिवशी नानांनी मटण आणलं. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या मळ्यातली चिंच पाडायची होती, दोघांच्या कवेत न मावणारी. म्हणून महादूभावजींनाही दुपारचं जेवायला बोलावलेलं. मी मसाला वाटत होते आणि हे ओसरीवर बसून मोगरीला तेल लावत होते. मी म्हटलं, "जरा जळण फोडून द्या की."

तर हे महादूभावजींना म्हणतात, "बायकू बदलली तर चालंल गड्या, पर आशी मोगरी पुन्हा घावायची न्हाय!"

महादूभावजी हसले. लई हसले. मग दोघं नदीवर अंघोळीला गेले.

आता — लाकडं ओली होती. अवकाळी पाऊस पडून गेलेला. झाडं पाडणाऱ्याच्या घरात कोरडी काटकी नाही! मग मी काय करणार होते?

असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. चुलीमागं गोवऱ्या होत्या, खणखणीत वाळलेल्या. मी गोवऱ्यांकडं बघितलं, मोगरीकडं बघितलं — आणि मोगरी उचलली.

तेल पिऊन पिऊन काय पेटली म्हणून सांगू! आधी दांडा गेला. माझा राग तेवढाच होता, दांड्याएवढा. डोकं पेटलं तशी मला भीती वाटायला लागली, पण पेटलेली मोगरी चुलीतून काढून ठेवणार कुठं? मटण शिजलं, भात झाला, भाकरी झाल्या, तरी ती धगधगतेच आहे. शेवटी वर राख ओढली आणि ताटं वाढली.

महादूभावजी बोटं चाटत म्हणाले, "वयनी, आज कालवणाला लई चव आलीया. जाळ झ्याक लागला जणू!"

नाना म्हणाले, "तिला जळण जपून वापराय येतंय कुटं?"

संध्याकाळी पाण्याला जाताना ते लोखंडी कडं पदराखाली नेलं आणि डोहात टाकलं. पुढं त्यावर अख्खं धरण आलं. एवढं पाणी कुणाच्याच पापावर पडलं नसेल.

सकाळी मोगरी सापडेना. नानांनी घर उलटंपालटं केलं. मला विचारलं, "तू बघितलीस का?" मी म्हटलं, "मला काय ठावं? तुमीच जपता तिला." — बघा, किती सहज आलं तोंडात! पाटलांचा माणूस हाका मारत दारात उभा. शेवटी दोघं लोखंडी घण घेऊनच गेले.

दुपारी मी भाकरी घेऊन मळ्यात पोचले तेव्हा नाना पाचरीवर घण घालत होते. पाचरीचं डोकं फुलासारखं फुटलेलं. आणखी एक घाव बसला आणि पाचर सण्णकन उडून माझ्या कानाजवळून गेली. चिंच कण्हली, जागेवर गिरकी घेतली आणि नदीच्या बाजूला पडायची ती पाटलांच्या नव्या खोलीवर पडली. त्या खोलीला दार नव्हतं. राहायला ती बांधलीच नव्हती — धरणाच्या भरपाईच्या मोजणीत दिसावी म्हणून बांधली होती. मोजणीवाले अजून यायचे होते. चिमणीलासुद्धा इजा झाली नाही, पण पाटील असे नाचले! आणि काय गेलं ते मोठ्यानं सांगताही येईना त्यांना.

पाटील गेल्यावर नाना महादूभावजींकडं वळले. "मोगरी आसती तर हे झालं नसतं. मागल्या आठवड्यात सासुरवाडीच्या कामाला मागत हुतास न्हवं? काल माजा डोळा लागल्यावर नेलीस व्हय?"

महादूभावजींचा चेहरा पांढरा पडला. "नाना, काल तुज्या घरात जेवलोय मी. तुजी मोगरी खाल्ली का काय मी?"

तेव्हाच बोलायचं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

जोडी मोडली. पण करवतीला दुसरी मूठ होतीच की! ती मला धरावी लागली. पाणी येईपर्यंत गावातली झाडं नवराबायकोनं पाडली. नानांनी नवी मोगरी केली, ती त्यांना कधी आवडली नाही, म्हणून पाचरी ठोकायचं काम माझ्याकडं आलं. शिकले मी — एक ठोका घालायचा, वर शेंड्याकडं बघायचं, मग दुसरा. तळहाताची साल निघाली. पण ह्याला प्रायश्चित्त म्हणू नका. मी प्रत्येक ठोक्याला नानांना मनात शिव्या देत होते.

गाव उठलं. महादूभावजी नातेपुत्याला लाकडाच्या वखारीत लागले. आमच्या लेकीच्या लग्नात, न बोलावता, ते मांडवात येऊन उभे राहिले. केस पिकलेले. पिशवीतून नवी मोगरी काढली, स्वतः घडवलेली.

"नाना, मी नेली न्हवती. पर तुज्या मनातनं ते जात न्हाय, तर ही घे. आज तरी बोल माज्यासंगं."

नानांनी मोगरी उलटीसुलटी करून पाहिली. डोळे भरले त्यांचे. मग पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं गेलं. जा, माफ केलं तुला!"

आणि महादूभावजींनी ती माफी घेतली. मान खाली घालून घेतली. मी हाताच्या अंतरावर चहा गाळत होते. एक वाक्य पुरलं असतं. त्या दिवशी बायको बदलायच्या बोलण्यावर भावजी हसले होते, म्हणून मी गप्प राहिले का? नाही. नुसती भ्याले. कप भरला, "घ्या भावजी" म्हटलं.

त्यानंतर दोघं मरेपर्यंत एकमेकांकडं येत-जात राहिले. कुणी नवखा माणूस बसलेला असला की नाना ती गोष्ट काढायचेच — चोरी कशी झाली, आणि आपण मन मोठं करून कशी पोटात घातली. महादूभावजी जमिनीकडं बघत बसायचे. मग नाना माझ्याकडं वळायचे, "व्हय का न्हाय गं?"

मी म्हणायचे, "व्हय की."