लोणच्याची बरणी

साडीला खडे चिकटवायच्या गमचा वास आला की मला डिंडोलीतली आमची वरची खोली आठवते. लग्न होऊन आले तशी मी तिथे दिवसभर खडेच चिकटवायची. खाली उतरायचं तरी सासूबाईंना विचारून. मेथीच्या जुडीतून आलेला, हात जोडून बसणारा एक हिरवा किडा मी काचेच्या लहान बाटलीत पाळला होता. तोंडाला नेटच्या साडीचा तुकडा बांधायचा आणि आत माशा सोडायच्या. तो वाढला तशी मी लोणच्याची बरणी मागितली. "किडासाठे बरनी?" सासूबाई म्हणाल्या, विषय संपला. एका दुपारी तो नेटला उलटा लटकलेला, हलेचना. "मरी गयं ते, फेकी दे," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "नही आत्या, कात टाकस ते." दोघी हातातलं काम सोडून बघत बसलो. तो कातीतून सुटला, पंखही निघाले, पण उलगडायला जागाच नव्हती. काचेला टेकून ते चुरगळलेलेच वाळले. सासूबाई उठल्या, लोणचं पातेल्यात काढलं आणि बरणी धुऊन माझ्यापुढे ठेवली. आता माझं घर चांगलं मोठं आहे, तरी तो वास आला की मी आधी दोन्ही हात पसरून बघते, कुठे भिंतीला लागतात का.