सातव्या सैनिकाचा आवाज

हाँगकाँगच्या युद्धपटांत याऊ सेकवान वीस वर्षं मरत आला होता. कधी जपानी शिपाई म्हणून, कधी आपल्या चिन्यांतला. मरताना पालथंच पडायचं, ही त्या धंद्यातली रीत. तोंड दिसलं की त्या माणसाला पुढच्या लढाईत पुन्हा मारता येत नाही. सेकवान फार छान पालथा पडे, त्यामुळे एकेका सिनेमात तीन-तीन वेळा मरे.

बापाचे डोळे शाबूत होते तेव्हा त्याने एकदा त्यांना थेटरात नेलं होतं.

"यातला तू कुठला?"

"तो बघा, भिंतीवरून पडला तो."

"सगळेच पडतायत की रे! चहाच्या दुकानात सांगू काय मी? माझा मुलगा पडतो म्हणून?"

पुढे काचबिंदूने म्हाताऱ्याचे डोळे गेले, मग छातीच्या दुखण्याने धरलं. पुढचा हिवाळा काही निघत नाही, असं डॉक्टरने सेकवानला बाजूला घेऊन सांगितलं.

त्याच वर्षी सायकुंगच्या डोंगरात एका सिनेमाचं काम लागलं. जपान्यांच्या काळातले सात सैनिक शत्रूच्या मुलखात शिरून पूल उडवतात आणि एकही परत येत नाही, अशी गोष्ट. सातवा नट ऐन वेळी काविळीने पडला. मारामाऱ्या बसवणारे क्वोक मास्तर म्हणाले, "ए सेकवान, या खेपेला उताणा मर. आणि हे बघ, दोन वाक्यंसुद्धा आहेत. शेफारू नकोस."

वाक्यं अशी होती : तुम्ही पुढे व्हा. पूल मी बघतो.

त्या दिवशी घरी येऊन त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. "बा, या वेळी तुम्हाला मी ऐकू येणार."

"आधी बूट काढ," म्हातारा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात सगळ्यांना कळलं होतं की याऊचा मुलगा आता बोलतो.

चित्रीकरण होताना आवाज धरतच नसत. तो मागाहून, शहरातल्या एका खोलीत, आवाज देणारी माणसं भरत. सेकवानला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वीस वर्षांत त्याच्या मुडद्यांना आवाज लागलाच नव्हता, म्हणून ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा तो धावतपळत त्या खोलीत गेला.

तिथलं आवाजाचं काम बघणाऱ्या फाँगबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बोलून पाहू दिलं. तो बोलला आणि खोलीतली पोरं फिदीफिदी हसली.

"पूल उडवतोय की भाजी विकतोय?" एकाने विचारलं.

"गप्प रे," फाँगबाई म्हणाल्या. "सेकवानदादा, तुमची बोली तोइशानकडची, खेड्यातली. हा सैनिक कँटन शहरातला आहे."

"दोनच तर वाक्यं आहेत, बाई."

"म्हणून तर. मरतानाच लोक हसले तर काय राहिलं?"

"माझे बा आंधळे आहेत," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा म्हणा."

या वेळीही बोली तीच आली, पण पोरं हसली नाहीत. बाईंनी थर्मासमधला चहा ओतून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

बापाला सांगायचं त्याने रोज ठरवलं आणि रोज राहिलं.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला म्हातारा धुतलेला सदरा घालून बसला. तोंडात उसाचं कांडं होतं, तेही तो आवाज होईल म्हणून चावत नव्हता. पडद्यावर नदीकाठ आला. सहाजण पुढे निघाले. चिखलाने माखलेल्या सेकवानने तोंड उघडलं, आणि त्यातून एक भरदार, शहरी आवाज आला.

त्याच क्षणी सेकवान बापाच्या कानाशी वाकला आणि आपल्या बोलीत पुटपुटला, "तुम्ही पुढे व्हा. पूल मी..."

म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर फटका मारला. "गप बस की! ऐकू दे मला. तुझी पाळी आली की सांग."

"सांगतो, बा."

पूल उडाला. मागच्या रांगेतल्या बायका रडायला लागल्या. म्हातारा मान तिरपी करून, कान पडद्याकडे लावून बसून राहिला. तिकडे आता बोलायला सातांपैकी कुणीच उरलं नव्हतं.