खे मास्तरांचा उजवा खांदा

भर मासळीबाजारात, कालवं विकणाऱ्या बायकांसमोर, बीयुनताईंनी सांगून टाकलं, "खे मास्तरांचा हात पौर्णिमेपर्यंत वर जाईल. नाही गेला तर माझं मालिशचं दुकान मी बंद करीन." बोलून तर बसल्या, पण घरी पोचेपर्यंत बोटांवर दिवस मोजत होत्या. पौर्णिमेला एकवीस दिवस होते आणि मास्तरांचा उजवा हात छातीच्या वर सरकत नव्हता.

पन्नाशीचा खांदा, असंच नाव आहे त्या दुखण्याला. कारकुनाला झाला तर तो डाव्या हाताने केस विंचरतो आणि दिवस ढकलतो. खे मास्तर मात्र मोज्यासारख्या हातात घालायच्या बाहुल्या नाचवायचे. पडद्याआड उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून, दोन-दोन तास. तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला वैद्यदेवाचा जन्मदिवस. त्या दिवशी देवळासमोरचा खेळ गेली तीस वर्षं मास्तरांचाच. यंदा देवळाच्या पंचांनी गोड शब्दांत विचारलं होतं, "जमत नसेल तर शेजारच्या गावाला सांगू का?" एकदा दुसऱ्याला सांगितलं की तो मान परत यायचा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

बीयुनताई बासष्टीच्या. बुटक्या, तोंडाने फटकळ, मनगटं सुताराची. मालिश त्या सासऱ्यांकडून शिकल्या. म्हाताऱ्याने पहिलं वर्षभर त्यांना माणसाला हात लावू दिला नाही. समोर तांदळाचं पोतं ठेवायचं आणि त्यावर हाताची मागची बाजू लाटण्यासारखी फिरवत राहायची, सकाळ-संध्याकाळ. आतला तांदूळ मोडून कणी झाली. वर्षभर घरात कण्यांची पेज शिजली आणि नवरा दर जेवणाला म्हणायचा, "आज कोणाचा खांदा खातोय आपण?"

तर मास्तर रोज सकाळी यायचे. पालथे पडायचे. ताई औषधी दारू चोळायच्या, मनगट फिरवायच्या, मग अंगठ्याने खांद्याच्या पात्याखालची गाठ शोधायच्या.

"आई गं. ताई, माणूस आहे मी."

"पोत्याने कधी तक्रार केली नाही हो. श्वास सोडा."

"पोत्याला पौर्णिमेला खेळ नव्हता करायचा."

अठरा दिवस असे गेले. गाठी विरघळत होत्या, ताईंच्या बोटांना ते कळत होतं, आणि तरी उठून बसलं की हात छातीपाशीच अडायचा. ताईंची झोप उडाली. बाजारात जाणंही त्यांनी बंद केलं.

अठराव्या दिवशी मास्तर मालिश चालू असतानाच घोरू लागले. ताईंनी हळूच त्यांना कुशीवर वळवलं, कोपराखाली हात घातला आणि हात उचलला. छाती ओलांडली. हनुवटी ओलांडली. हात कानाला जाऊन टेकला. मास्तर घोरतच होते.

ताईंनी तो हात अंडं ठेवावं तसा खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. सांधा कधीच मोकळा झाला होता आणि मालकाला पत्ताच नव्हता. मास्तरांना उठवून त्या म्हणाल्या, "उचला." हात छातीपाशी थांबला.

"दुखतंय?"

"अजून नाही. पण आता दुखेल."

म्हणजे राहिली होती ती भीती. तिला कुठला अंगठा लावणार?

दुसऱ्या दिवशी ताई स्वतःच मास्तरांच्या घरी गेल्या. भिंतीवर, डोक्याच्या वर, ओळीने बाहुल्या टांगलेल्या. मास्तर पेज आणि खारवलेला मुळा खात बसले होते, आणि शेजारच्या गावच्या मंडळींना बाहुली साधी धरता येत नाही म्हणून त्यांच्या नावाने खडे फोडत होते. "हो ना," म्हणत ताई स्टुलावर चढल्या, म्हाताऱ्या नावाड्याची बाहुली खुंटीवरून काढली आणि परत टांगली. उलटी. डोकं खाली, पाय वर. नेम चुकला असता तर मास्तरांनी पुन्हा दारात उभं केलं नसतं.

"अहो, अहो, काय करताय ताई, त्याचं डोकं…" मास्तर उठले, दोन पावलांत भिंतीशी पोचले, नावाड्याला उचलून सरळ टांगलं, त्याची टोपी नीट केली आणि वळले. "बाहुली उलटी टांगतात का कधी? एवढी वर्षं खेळ बघता तुम्ही."

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "आता कोणत्या हाताने सरळ केलीत ते सांगा."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग खुंटीकडे बघितलं. दारात त्यांची बायको आयुए उभी होती, तिच्या हातातलं पेजेचं पातेलं कलंडलं. मास्तरांनी पुन्हा हात वर नेला, यावेळी जाणूनबुजून, हळूहळू, दात आवळून, आणि तो गेला. तिथेच उभे राहून ते लहान मुलासारखे हसायला लागले.

पौर्णिमेला देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी ताईंची धाकधूक काही गेली नव्हती. एकदा वर जाणं वेगळं, दोन तास वर राहणं वेगळं. आयुष्यभर पुढे बसून खेळ बघितलेल्या ताई त्या दिवशी पडद्यामागे उभ्या राहिल्या आणि बाहुलीकडे एकदाही न बघता फक्त तो खांदा बघत राहिल्या. नावाडी हवेत उडाला, कोलांटी घेऊन बोटांवर उतरला, बाहेर लोकांनी आरडाओरडा केला. ताईंना दिसला तो घामाने भिजलेला सदरा आणि त्याखाली सरसर फिरणारं खांद्याचं पातं. शेवटचा प्रवेश लांबला. खांदा थरथरला, सावरला, पुन्हा थरथरला. ताईंनी श्वास रोखून धरला. खांदा खाली आला नाही.

फटाके वाजले. आयुएने ताईंच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, हात खाली घ्या आता. खेळ संपला."

ताईंनी वर बघितलं. त्यांचा उजवा हात कानाशी ताठ उभा होता, कधीपासून कोण जाणे. तो आपणहून खाली येईना. डाव्या हाताने धरून त्यांनी तो खाली आणला आणि तिथेच, वाजणाऱ्या झांजांमध्ये, मनसोक्त रडून घेतलं.