आत्याच्या गालातली वीज

आमच्या आत्याचं जुन्या फर्निचरचं दुकान. लिलावात मोडकी कपाटं घ्यायची, नीट करून विकायची. पटाशीला धार लावायची तर आत्याच्या जिभेवर लावावी, असं आतोबा म्हणत. अर्थात ती घरात नसताना.

एका सकाळी दात घासताना तिच्या डाव्या गालात वीज चमकली. दोनच सेकंद, पण ती बेसिन धरून उभी राहिली. मग रोजच सुरू झालं. वारा लागला, घास चावला, दोन शब्द बोलली की कळ. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, महिन्याने शेजारची. दाढा गेल्या, कळ राहिली. आत्याने बोलणंच सोडलं. घर इतकं शांत झालं की शेजारीण काळजीने डोकावून गेली.

लिलावात तर कहरच झाला. न्हाव्याची फिरती खुर्ची पुकारली आणि नेमकी कळ आली. आत्याचा हात गालाकडे गेला. पुकारणाऱ्याला वाटलं, बोली. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, तर पुन्हा कळ, पुन्हा हात. तिसऱ्या कळेला खुर्ची आत्याची झाली. घरी आतोबांनी त्या खुर्चीवर बसून एक गिरकी घेतली आणि म्हणाले, "आता मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. उद्या पियानो निघाला तर?"

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय काढला. कानामागे, कवटीच्या आत, एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकून प्रत्येक ठोक्याला तिला घासत होती. आधी गोळ्या झाल्या. त्यांनी कळ कमी झाली, पण गुंगीत आत्या गिऱ्हाइकांना खरं सांगायला लागली. पुढे गोळ्याही पुरेनात. मग ऑपरेशन ठरलं: कानामागे छोटं भोक पाडायचं, वाहिनी बाजूला सारायची, मध्ये बारीकशी गादी ठेवायची.

"कपाटाचा खण घासतो तिथे आम्ही बनातीच्या मऊ कापडाचा तुकडा लावतो, तसंच ना?" आत्याने विचारलं.

"अगदी तसंच."

"मग घाबरायचं काय त्यात," ती म्हणाली, आणि ऑपरेशनच्या दारापर्यंत तिने आतोबांचा हात सोडला नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने पंखा लावायला सांगितला. वारा गालावरून गेला. काही झालं नाही. ती बराच वेळ डोळे पुसत पडून राहिली.

डाव्या कानाने काही आठवडे कमी ऐकू येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आतोबांनी ते मनावर घेतलं. रोज तिच्या डावीकडे बसून चाळीस वर्षांचं साठलेलं हळूच बोलायचे: तिची भाजी खारट असते, ती भावाचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, फाजील लाड करते, आणि ती गप्प होती तेव्हा घर खायला उठलं होतं.

तिचा कान आठवड्यातच सुधारला होता. आम्हाला तिने ते सांगितलं. आतोबांना अजून सांगितलेलं नाही.