कात्री मेषेची, टेप तुळेची

काकूच्या हातात कात्री असली की घरातली माणसं पाय जवळ घेऊन बसायची. काकू वाईट नव्हती, फक्त घाईत होती. सातव्या महिन्यातच जन्माला आली आणि त्यानंतर तिनं कशाचीच वाट पाहिली नाही, असं काका सांगायचे. ते तिला भेटायला गेले तेव्हा त्यांनी सरबताचा पेला तोंडाला लावण्याआधीच तिनं होकार देऊन टाकला होता. काकांनी अजून काही विचारलंच नव्हतं.

आमचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, काचेशी दोन मशीनं, आणि मधोमध लांबरुंद टेबल. त्यावर एरवी कापड, जेवणाच्या वेळी ताटं. कापड बेतायचं काम काकूकडे, मापं घेऊन शिवायचं माझ्या आईकडे. काकू थोरली जाऊ, आई धाकटी.

गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होईपर्यंत काकूनं कापडाचे दोन तुकडे केलेले असायचे. "बाह्या जरा..." एवढंच ऐकून तिनं एका बाईंच्या झग्याच्या बाह्या अख्ख्या उडवल्या. त्या बाईंना "जरा सैल करा" म्हणायचं होतं.

"सैलच झाल्या की," काकू म्हणाली. "याहून सैल कुठं मिळणार?"

आईचं सगळं याच्या उलट. एका कोटाला बटणं काळी लावावीत की तपकिरी, यावर तिनं एकदा नऊ दिवस घालवले. दहाव्या दिवशी कोटाचा मालक स्वतः आला आणि काळी लावा म्हणाला. तर आई त्याला म्हणाली, "नक्की ना? हवं तर आणखी एक दिवस बघू." घेतलेलं माप ती पुन्हा घ्यायची, आणि दोन्ही मापं सारखी आली की तिला जास्तच संशय यायचा.

"अगं धाकटे, कापडाला दाढी फुटेल आता!" काकू ओरडायची.

"फुटू दे. भादरता येईल. कापलेलं जोडता येत नाही, ताई."

अशी अकरा वर्षं गेली आणि मग संगीत शिक्षकांचा कोट आला.

कापड भारी होतं. आई खिडकीशी बसून खिसे दोन ठेवावेत की तीन याचा विचार करत होती, तेवढ्यात काकूनं कोट बेतून टाकला. शिवून झाल्यावर शिक्षकांनी अंगात चढवला. डावा हात व्यवस्थित गेला. उजवा हातही गेला, पण कोपर भलत्याच बाजूला वळलं आणि तळवा मागे गेला. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"पेटी वाजवताना..." काकूनं सुरुवात केली, पण शिक्षकांचा चेहरा बघून पुढचं गिळलं. तिनं असं काही गिळलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शिक्षक कोट टेबलावर टाकून निघून गेले आणि काकू स्टुलावर मटकन बसली. "माझ्या हाताला काय झालंय गं?" ती आईला म्हणाली. आईनं विचार करून सांगते असंसुद्धा म्हटलं नाही, इतकी ती घाबरली होती.

हा सगळा प्रकार शेजारच्या घड्याळवाल्यांनी काचेतून पाहिला होता. घड्याळं दुरुस्त करता करता ते कुंडल्याही मांडायचे. एका डोळ्याला भिंग लावलेलं असायचं. ते कुंडली बघतानाही काढत नसत, त्यामुळे त्यांना ग्रहसुद्धा जरा मोठेच दिसत असावेत. त्यांनी दोघींच्या जन्मवेळा विचारून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन कागद घेऊन आले.

"वहिनी, तुमची रास मेष. स्वामी मंगळ. आधी धडक, मग विचारपूस. आणि धाकट्या वहिनींची तूळ. एक पारडं खाली गेलं की दुसऱ्यात काय टाकू, याचीच यांना काळजी."

"मग? पटत नाही ना आमचं? मला ठाऊकच होतं," काकू म्हणाली.

"थांबा हो. मेष आणि तूळ बरोबर समोरासमोर येतात, एकमेकींपासून सातव्या. समसप्तक म्हणतात याला. समोरच्या राशी म्हणजे वैरिणी नव्हेत. एकीकडे जे उतू जातं, तेच दुसरीकडे कमी पडतं. तुम्ही थोडी तूळ घ्या. यांनी थोडी मेष घ्यावी."

"दिवसातून किती वेळा?" काकूनं विचारलं.

घड्याळवाले गडबडले. "तसं औषध नाही ते. स्वभावाला लगाम घालायचा. काही करण्याआधी दहा आकडे मोजा म्हणजे झालं."

"ठरलं! या क्षणापासून मी शांत!" काकूनं टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की टाचण्यांचा डबा उडाला.

"मी जरा विचार करून सांगते," आई म्हणाली.

काकूनं संयमसुद्धा धडक मारूनच सुरू केला. त्याच दिवशी दूध उतू जायला लागलं. ती शेगडीसमोर उभी राहून शांतपणे मोजत होती. नऊ म्हणेपर्यंत दूध जमिनीवर पोचलं होतं. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "या, बसा. घाई नको. तुम्ही विचार करा, मीही करते." पँट आखूड करायला आलेला एक माणूस तासभर बसला आणि आपली उंचीच अजून वाढेल असं म्हणून परत गेला. तो चाळिशीचा होता.

तिसऱ्या आठवड्यात काका घड्याळवाल्यांकडे गेले. "अहो, तुमची ती तूळ परत घ्या. काल विचारलं, आमटीत मीठ टाकलंस का? तर म्हणाली, दोन्ही बाजू ऐकून घेऊ."

"सवय व्हायला वेळ लागतो," घड्याळवाले म्हणाले.

"कुणाला? तिला की मला?"

आईच्या वागण्यात मात्र काहीच फरक नव्हता. निदान बाहेरून दिसत तरी नव्हता.

नेमकं तेव्हाच नाट्यगृहाचं काम आलं. रंगमंचाचा मुख्य पडदा शिवायचा होता. गडद लाल मखमलीचे दोन जाडजूड ताके येऊन पडले. आठ लांब पट्टे कापायचे, प्रत्येकाची खालची कड कमानीसारखी गोल ठेवायची आणि मग जोडायचे. व्यवस्थापकांनी बजावून सांगितलं होतं, या रंगाचं कापड आता कुठंच मिळणार नाही, तेव्हा चूक नको.

आईनं मापं नऊ वेळा घेतली आणि खडूनं खुणा केल्या. काकू कात्रीला हात लावेना. टेबलाशी बसून ती दोन्ही ताक्यांवरून नुसता हात फिरवत होती, मांजराला गोंजारावं तसा. सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी सकाळी व्यवस्थापक आले. पडदा अजून ताक्यातच होता.

"शनिवारी प्रयोग आहे हो!" ते रडकुंडीला आले. "पडदा नसेल तर नटांनी लपायचं कुठं?"

"चार... पाच..." काकू मोजत होती.

आईनं तिच्याकडे पाहिलं, व्यवस्थापकांकडे पाहिलं. तीन आठवडे ती घड्याळवाल्यांच्या म्हणण्याचा विचार करत होती, हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. तो विचार नेमका तेव्हा संपला.

"आणा ती कात्री इकडे," आई म्हणाली.

आईनं पदर खोचला आणि कापायला सुरुवात केली. खर्रर करून पहिला पट्टा गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. एक रेघ हलली नाही. तिचे गाल लाल झाले होते आणि ती चक्क हसत होती. पहिल्या पट्ट्याबरोबर टेबलावर मखमलीखाली राहिलेल्या काकांच्या पँटचा एक पाय गुडघ्यापासून गेला, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिला ताका संपला. तिनं दुसरा ओढला, पसरला आणि कमानीच्या खुणेवर कात्री घातली. ती चार बोटं आत गेली असेल, तोच काकू किंचाळली, "थांब!"

या शब्दाचा सगळ्यांत जास्त धक्का काकूलाच बसला. तो आजवर फक्त तिला उद्देशून वापरला जायचा.

"लव उलटी आहे," ती म्हणाली. "हात लावून बघ. पहिल्या ताक्याची लव खाली जाते, याची वर. गुंडाळतानाच उलटा गुंडाळलाय. असाच कापलास तर अर्धा पडदा काळा दिसेल."

आईनं हात फिरवला. व्यवस्थापकांनी फिरवला. खरंच होतं. नऊ वेळा माप घेऊनही आईला ते कळलं नव्हतं, कारण टेपला लव कळत नाही. आणि एरवीच्या काकूनं ताका उघडल्या उघडल्या कापला असता, तिलाही कळलं नसतं. दोघींनी कापड फिरवून घेतलं. कापलेला भाग आता वरच्या बाजूला गेला, जिथं पडदा टांगायला दुमड घालायची होती. ती चीर त्या दुमडीत गेली.

शनिवारी पडदा उघडला तेव्हा आम्ही मागच्या रांगेत होतो. पुढे नाटकात काय झालं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. त्या पूर्ण वेळ पडद्याच्या शिवणीकडे बघत होत्या.

"मी सांगितलं नव्हतं?" घड्याळवाले सगळ्यांना सांगत सुटले. "समसप्तक!"

"ग्रहांचं ग्रह बघतील," काकू म्हणाली, "पण माझा नवरा एका पायाची पँट घेऊन बसलाय, त्याचं काय?" आणि काका नको नको म्हणत असताना तिनं दुसराही पाय कापून टाकला. काकू परत आली, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पण पूर्वीसारखी नाही. त्यानंतर आईनं "काप" म्हटल्याशिवाय ती कात्री चालवत नसे. आईला विचार करायला वीस आकड्यांची मुदत असायची. ते आकडे काकू मोजायची, आणि बारानंतर एकदम अठरा यायचे. आई त्यावर तक्रार करत असे, पण अठरापर्यंत बहुतेक वेळा तिचं ठरलेलं असे. संगीत शिक्षकांचा कोटही दोघींनी नव्या कापडाचा शिवून दिला. त्यांनी दारातच उभं राहून आधी उजवा हात घालून पाहिला, मगच आत आले.

काकू आता बहात्तर वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना, तेव्हा ती चिडून म्हणाली, "संपलं. आजपासून दुकान बंद." आणि स्टुलावर चढून स्वतःच दुकानाची पाटी काढून आणली.

"विचार करू, ताई," आई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवून दिला.

तो विचार अजून चालू आहे. पाटी नसल्यामुळे नवीन माणसं आधी घड्याळवाल्यांच्या दारात जातात. ते भिंगातून वर बघतात आणि त्यांची जन्मवेळ विचारून घेऊन मग आमच्याकडे पाठवतात.