एकशे बावन्न सेंटीमीटर

"अंबाडा सोडा. त्याने उगाच उंची वाढते."

मी अंबाडा सोडला. त्रेचाळिसाव्या वर्षी, परक्यांच्या हॉलमध्ये, आईच्या समोर. पिना कुठे ठेवायच्या ते कळेना, म्हणून मुठीत धरून ठेवल्या.

"आता त्या चौकटीला पाठ लावा. टाचा टेकवा."

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट होती. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या घरातली मुलं दर वाढदिवसाला तिथे उभी राहत असणार, कारण प्रत्येक रेघेशेजारी नाव होतं. मी त्या रेघांना पाठ टेकवली. सांगणारी बाई म्हणजे मुलाची थोरली बहीण. मुलगा म्हणायचं ते रिवाजाने, नाहीतर तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. पहिली बायको आजारात गेलेली. तो सोफ्यावर बसून कपातला चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती.

हे डोंबिवली पूर्वेला झालं, जुन्या आणि प्रशस्त फ्लॅटमध्ये. आम्ही दिव्याहून आलेलो, मी आणि आई. आल्या आल्या मुलाच्या आईने पाण्याचे ग्लास पुढे केले. म्हणाल्या, "प्या हो पोटभर. तुमच्याकडे टंचाई ना?" सगळे हसले. आईसुद्धा हसली. आईने दोन ग्लास प्यायले, नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला हे लग्न हवं होतं. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी, एवढे आम्ही दोन खोल्यांत राहतो. मी स्वयंपाकघरात झोपते. आणि तो माणूस मला आवडला होता. फोनवर आम्ही दोनदा बोललो होतो, आणि दोन्ही वेळा मी फोन ठेवल्यावर वहिनीने विचारलं होतं, "काय हो, एकट्याच काय हसताय?"

म्हणून मी उभी राहिले. पहिल्यांदा.

मोजायची वेळ का आली? मी खरं लिहिलं म्हणून.

मी कोलशेतला एका कंपनीत आहे. पाइपांच्या जोडावर बसणाऱ्या रबरी रिंगा आम्ही बनवतो. माल बाहेर जाण्यापूर्वी तपासणं माझं काम. दिवसभर मिलिमीटर. वर्षातून एकदा आमची सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते. भिंतीवर पट्टी लावलेली असते, तिच्याखाली ओळीने सगळे उभे राहतात. हेल्पर उभे राहतात, मॅनेजर उभे राहतात, मालकांचा मुलगाही बूट काढून उभा राहतो. माझा आकडा वर्षानुवर्षं एकच आहे. एकशे बावन्न सेंटीमीटर.

वधू-वर मंडळात नाव नोंदवताना मी तेच लिहिलं. मंडळातल्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"अहो, हे काय? फुटात लिहा. पाच-एक लिहा."

"पाच-एक नाहीये मी."

"कोणीच नसतं. सगळे एक इंच वाढवून लिहितात आणि वाचणारे एक इंच कमी करून वाचतात. हिशोब बरोबर बसतो."

"मग वाढवायचा कशाला?"

"तुम्ही खरं लिहिलंत तरी ते कमी करूनच वाचणार. तोटा तुमचाच."

त्या वाईट हेतूने बोलत नव्हत्या. पण मला ते जमेना. खोडलं नाही. 'से.मी.' तेवढं जरा ठळक केलं.

आता बघा. पाच फूट म्हणजे एकशे बावन्न सेंटीमीटर आणि वर चार मिलिमीटर. मी चार मिलिमीटर कमी. सेंटीमीटरमध्ये ते कोणाच्या नजरेतही येत नाही. फुटात मोजलं की पाचाचे चार होतात. चार म्हटलं की बुटकी. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे तेवढ्यावर अख्खा लॉट परत येतो. पण रिंग मोजतात ती पाण्याचा थेंब गळू नये म्हणून. मला मोजून काय गळायचं थांबणार होतं?

मुलाच्या बहिणीने माझ्या डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरलं आणि चौकटीवर खूण केली. मी बाजूला झाले. तिने शिवणाच्या डब्यातला टेप काढला. त्या टेपला एका बाजूला सेंटीमीटर असतात, दुसऱ्या बाजूला इंच. तिच्या हातात सेंटीमीटरची बाजू आली होती. तिने टेप उलटा केला.

शिंप्याचा टेप साठ इंचांचा. म्हणजे बरोबर पाच फूट. तिने एक टोक जमिनीला दाबलं, दुसरं वर नेलं. खूण टोकाच्या किंचित खाली राहिली.

"साठला टेकत नाही," ती म्हणाली. "चार-अकरा."

"पाचसुद्धा नाही?" त्यांची आई.

"पाचसुद्धा नाही. म्हणून तर सेंटीमीटरमध्ये लिहिलंन. आपल्याला कळू नये म्हणून."

आता यातली गंमत बघा. खोटं लिहिलं असतं तर ती रीत होती. खरं लिहिलं तर लपवाछपवी.

मी त्याच्याकडे बघितलं. तो इंजिनिअर आहे. रोज मिलिमीटरमध्येच ड्रॉइंग बघतो. मला वाटलं, एवढं तरी बोलेल की अगं, यात लपवलं काय, तेच तर लिहिलंय.

तो म्हणाला, "ऑफिसात मीही मेट्रिकवालाच. पण घरात आपलं फुटातच बरं पडतं." आणि मग, मला धीर देत असल्यासारखं, "हरकत नाही. हील्स घालता येतील."

हरकत नाही, म्हणे.

त्या घरात दूध लिटरने येत होतं. त्यांच्या आईंना मधुमेह, त्यांची भाकरीसुद्धा ग्रॅमवर तोलली जात होती, मघाशीच कौतुकाने सांगून झालं होतं. शेर, मण, कोस सगळं गेलं आणि कोणी रडलं नाही. माझी आई अजून पावशेर मिरच्या मागते, भाजीवाला अडीचशे ग्रॅम देतो, दोघंही खूश. मग अडतं कुठे? सोनं तोळ्यावर. जमीन गुंठ्यावर. फ्लॅट स्क्वेअर फुटावर. आणि बाई फुटा-इंचावर. जिथे घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा वरचढ राहायचं असतं, तिथे जुनं माप मरत नाही. वाण्याच्या काट्यावर सरकारी शिक्का असतो, दरवर्षी तपासणी असते. त्या बाईच्या हातातल्या टेपला कोण विचारणार?

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त मुठीतल्या पिना दाबत होते. पण आई बोलली.

"ताई, परत घ्या ना माप." आई उठून उभी राहिली होती. "ती ताठ उभी नव्हती हो. दमलेय ती, सकाळपासून धावपळ. अगं, नीट उभी राहा. मान वर कर. श्वास आत घे. येईल हो पाच, आरामात येईल."

माझी आई. सत्तरीची. हात जोडल्यासारखे छातीशी धरलेले. चार मिलिमीटरसाठी माफी मागत होती, जसं काही मी पोटात असताना तिनेच मला कमी घडवलं.

बहिणीने परत पुस्तक उचललं. "या," म्हणाली. "यावेळी टाचा जरा सैल सोडल्यात तरी चालेल. आपणच आहोत."

म्हणजे आता टाचा उचलायच्या, तिने न बघितल्यासारखं करायचं आणि मी जन्मभर उपकारात राहायचं. तडजोड मी आयुष्यभर केली आहे, मला ती ओळखू येते. ही तडजोड नव्हती. हे टाचा उचलून राहणं होतं, रोज, त्या घरात.

मी जागची हलले नाही.

"या ना."

"नाही."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी—"

"माझी उंची एकशे बावन्न सेंटीमीटर आहे. मी लिहून दिलीय. तुम्ही मोजलीत, तेवढीच भरली. आता परत मोजू देणार नाही."

"एवढा ताठा?" त्यांची आई म्हणाली. "या वयात?"

"यांची किती?" मी सोफ्याकडे हात केला. "यांच्या कागदावर पाच-नऊ आहे. येतात का चौकटीशी?"

तो हसला. उठला मात्र नाही. "माझी कशाला?"

"पुरुषाची उंची कोण मोजतं?" बहीण म्हणाली.

मी टीपॉयवरचा ग्लास सरकवून तिथे पिना ठेवल्या आणि सगळ्यांसमोर, सावकाश, अंबाडा घातला. मग आईचा दंड धरला आणि निघालो.

आई जिन्यात रडली नाही. रिक्षात रडली. "पाच म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? आता घरी मी काय सांगू?" तिचं दुःख खरं होतं, आणि माझंही. फोनवर हसवणारा तो माणूस मला त्यानंतरही आठवत राहिला. अजून आठवतो. त्याचा राग येतो, आणि आठवतो म्हणून स्वतःचाही येतो.

घरी वहिनीने भांडी जरा जोरात ठेवली. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. स्वयंपाकघरातली माझी गादी तिथेच आहे. कोणी शाबासकी दिली नाही, आणि मीही पेढे वाटले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी मंडळात गेले. बाईंना सगळं आधीच कळलं होतं.

"तिकडून फोन आलेला. फसवणूक म्हणतात. मला आता तुमच्या नावापुढे चार-अकरा लिहावं लागेल."

"नाही. आहे तेच राहू द्या."

"मग स्थळं येणार नाहीत हो. लोक सेंटीमीटर बघून पान उलटतात."

"उलटू दे."

"हट्टाने काय मिळणार तुम्हाला?"

"ते मला माहीत नाही. पण आणखी दोन गोष्टी लिहा. पहिली भेट दिव्याला, आमच्या घरी. आणि मुलाची उंचीसुद्धा मला सेंटीमीटरमध्ये हवी, मोजलेली, अंदाजाने नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि कोणी तुमची मोजायला मागितली तर?"

"तर सांगा, ही बाई उभी राहत नाही. लिहून घ्या तसं."